गिनीपिग, कॅपिबारा आणि न्यूट्रिया: जुन्या लेबलांवरची नावं आणि कुलं आता कशी लिहायची?

बरणीवाली, बडोदा

नमस्कार मंडळी. इथल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या छोट्या संग्रहाची नवी नोंदवही करतेय. कृंतकांच्या, म्हणजे उंदीर-घुशींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, कपाटात दक्षिण अमेरिकेतल्या तीन वस्तू आहेत आणि तिन्हींच्या लेबलांवरून स्टाफरूममध्ये वाद पेटलाय.

बरणीत अख्खा गिनीपिग आहे. लेबल: ‘कॅव्हिया कोबाया, कुल कॅव्हिइडी’. गाव, तारीख, कोणी आणला, काही नाही. दुसरी वस्तू म्हणजे कॅपिबाराच्या कवटीची प्लास्टरची प्रतिकृती. तिच्यावर ‘हायड्रोकीरस कॅपिबारा, कुल हायड्रोकीरिडी’. तिसरं न्यूट्रियाचं एक वाळवलेलं कातडं, कवटीसकट. त्याला ‘मायोकॅस्टर कॉयपस, कुल कॅप्रोमायिडी’ अशी चिठ्ठी दोऱ्याने बांधलीय.

विचारायचं ते असं. नावं बदलायची का? कॅपिबाराला वेगळं कुल द्यायचं की गिनीपिगच्याच कुलात घालायचं? नेटवर एका ठिकाणी एक, दुसरीकडे दुसरं. शिवाय एक विद्यार्थी सांगतोय की गिनीपिग मुळात कृंतकच नाही असं सिद्ध झालंय. आणि जुनी लेबलं काढून टाकली तर चालतील का? बरणीतलं द्रव फॉर्मॅलिन आहे की अल्कोहोल, तेही लिहिलेलं नाही.

कृंतकपुराण

आधी नावं, कारण तिथे वाद नाही. नाव नियमाने ठरतं, कुल मताने. हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत की स्टाफरूममधला अर्धा वाद मिटेल.

प्राण्यांची नावं लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ ग्रंथाच्या 1758 च्या आवृत्तीपासून धरतात, त्याआधीची ग्राह्य नाहीत. त्या आवृत्तीत लिनियसने गिनीपिगला ‘मुस पोर्सेलस’ म्हटलं, म्हणजे उंदरांच्या प्रजातीत (जीनसमध्ये; एका प्रजातीत अनेक जाती येतात) टाकला. पुढे पालासने 1766 मध्ये कॅव्हिया ही प्रजाती वेगळी काढली आणि पोर्सेलस तिच्यात गेला. कोबाया हे नाव प्रयोगशाळांच्या जुन्या पुस्तकांत भरपूर दिसतं, पण 1758 च्या नावापुढे ते टिकत नाही. म्हणून: कॅव्हिया पोर्सेलस (लिनियस, 1758).

त्या कंसाला अर्थ आहे, शोभेसाठी नाही. जातीचं पहिलं वर्णन दुसऱ्या प्रजातीत झालं असेल तर मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. पहिल्यापासून त्याच प्रजातीत असेल तर कंस नाही. रानटी कॅव्हिया अपेरिया एर्क्सलेबेन, 1777 याला कंस लागत नाही, कारण एर्क्सलेबेनने ती कॅव्हियातच वर्णिली. विद्यार्थी लेबलं टाइप करताना एकतर सगळीकडे कंस घालतात नाहीतर कुठेच नाही. यादी एकदा कंसांसाठी वेगळी तपासा.

कॅपिबाराला लिनियसने 1766 मध्ये चक्क डुकरांच्या प्रजातीत घातलं होतं, ‘सुस हायड्रोकीरिस’. आजचं नाव हायड्रोकीरस हायड्रोकीरिस (लिनियस, 1766). तुमच्या लेबलावरचं ‘कॅपिबारा’ हे जातिनाम नंतरचं, ते गेलं. आता इथे सगळे घसरतात ती जागा. लेबलवर नाव रोमन लिपीत, तिरप्या अक्षरांत जाईल. प्रजातीचं स्पेलिंग एच-वाय-डी-आर-ओ-सी-एच-ओ-ई-आर-यू-एस. जातीचं एच-वाय-डी-आर-ओ-सी-एच-ए-ई-आर-आय-एस. दोन्हीकडे सारखं करायचा मोह होतो, करू नका. एक ब्रिसाँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचं 1762 चं स्पेलिंग, दुसरं लिनियसचं. दोन्ही मुळाबरहुकूम ठेवायची. ब्रिसाँचं पुस्तक नामकरणासाठी बाद धरलंय, पण हायड्रोकीरससारखी त्यातली काही प्रजातिनामं प्राण्यांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाने 1998 च्या निर्णयाने (क्रमांक 1894) राखून ठेवली. जुन्या छापील यादीत प्रजातीलाही ए-ई दिसलं तर ती यादी त्या निर्णयाआधीची किंवा त्याकडे दुर्लक्ष करणारी समजा.

न्यूट्रियाचं नाव बरोबर आहे. फक्त लेखक आणि साल जोडा: (मोलिना, 1782). कंस हवा, कारण मोलिनानेही त्याला ‘मुस’च म्हटलं होतं.

एक_दात_पुढे

कुलाचं मी सांगतो, आणि थोडं सविस्तर, कारण नेटवरची सगळी गफलत इथेच आहे.

कॅपिबारा दिसायला इतका वेगळा की त्याला वेगळं कुल देणं स्वाभाविक वाटायचं. आकार प्रचंड, मोठं जनावर 50 किलो सहज भरतं, पायाच्या बोटांत पडदा. वरची शेवटची दाढ तर बघण्यासारखी: पातळ पट्ट्या एकामागे एक उभ्या रचलेल्या, आणि ती एकटी दाढ पुढच्या सगळ्यांच्या बेरजेइतकी लांब. तुमच्या प्रतिकृतीत ही दाढ नीट उठलीय का बघा. स्वस्त साच्यात पट्ट्या बुजून तिथे सपाट वडी दिसते, मग शिकवायला उपयोग शून्य.

2002 च्या सुमाराला जनुकांवरून वंशवृक्ष मांडला गेला तेव्हा कळलं की कॅपिबाराचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग केरोडॉन आहे. हा ब्राझीलच्या कोरड्या खडकाळ भागातला, गिनीपिगपेक्षा जरा मोठा, झाडावर-खडकावर चढणारा प्राणी. तोवर तो बिनतक्रार गिनीपिगच्या कुलात बसलेला होता. त्या दोघांच्या जवळ मारा, म्हणजे डोलिकोटिस, सशासारखा लांब पायांचा. गिनीपिग आणि त्याचे भाऊबंद गॅलिया, मायक्रोकॅव्हिया यांची फांदी त्याआधीच सुटलेली.

आता वेगळं कुल ठेवायचा हट्ट धरला तर काय होतं ते कागदावर करून बघा. कॅपिबारा एकटा बाहेर काढला तर केरोडॉन मागे राहतो आणि कॅव्हिइडी अर्धवट होतं: पूर्वज तोच, पण वंशजांतला एक हाकललेला. केरोडॉनही बरोबर काढला तरी मारा मागे राहतो आणि अडचण तीच. मारालाही काढलं तर एका सुटसुटीत कुलाची दोन-तीन कुलं होतात आणि हातात काही पडत नाही. म्हणून 2005 च्या सस्तन प्राण्यांच्या जागतिक सूचीत कॅपिबारा आणि केरोडॉन मिळून हायड्रोकीरिनी हे उपकुल केलं आणि ते कॅव्हिइडीत बसवलं. कुलाचं नाव कॅव्हिइडीच राहतं, कारण ते 1817 चं, हायड्रोकीरिडीच्या आधीचं.

जीवाश्मांवर काम करणारे काही जण अजून हायड्रोकीरिडी लिहितात. त्यांच्याकडे नामशेष प्रजाती इतक्या आहेत की सोयीसाठी मोठा हुद्दा बरा पडतो. त्यांना चूक म्हणू नका, पण कॉलेजच्या कपाटात जिवंत जातींची मांडणी असेल तर कॅव्हिइडी लिहा:

गण रोडेन्शिया, उपगण हिस्ट्रिकोमॉर्फा, त्यात कॅव्हिओमॉर्फा, कुल कॅव्हिइडी. गिनीपिगला उपकुल कॅव्हिइनी, कॅपिबाराला हायड्रोकीरिनी.

आणखी एक. प्रतिकृतीचं मूळ कुठलं ते माहीत नसेल तर जातीचं नाव लिहिताना हात आवरा. पनामा, वायव्य कोलंबिया आणि पश्चिम व्हेनेझुएला या भागात हायड्रोकीरस इस्थमियस नावाचा लहान कॅपिबारा आहे. गुणसूत्रं 64, मोठ्याची 66. काही सूच्या त्याला वेगळी जात मानतात, काही उपजात. प्लास्टरची गुणसूत्रं मोजता येत नाहीत. कवटी 20 सेंटीमीटरच्या बरीच वर असेल तर मोठा धरायला हरकत नाही, पण ‘प्रतिकृती, मूळ नमुन्याचं ठिकाण नोंद नाही’ हे लिहाच.

राओपुरा_रोड

विद्यार्थी म्हणतो त्यात तथ्य आहे हो. गिनीपिग कृंतक नाही, असं सरळ शीर्षक असलेला लेख नेचर या विज्ञान नियतकालिकात आला होता. क जीवनसत्त्व त्याला बनवता येत नाही, इन्सुलिन वेगळं, पिल्लं डोळे उघडे ठेवून, केसांसकट जन्मतात. उंदराशी काय जुळतं?

एक_दात_पुढे

@राओपुरा_रोड लेख आले होते, दोन. 1991 चा शंका घेणारा, 1996 चा ठाम. दोन्हींची मेख एकच: थोडेसे प्राणी, आणि त्यात गिनीपिगची फांदी भराभर बदललेली. अशी लांब फांदी गणितात भलत्याच जागी जाऊन चिकटते, विशेषतः बदलांचा दर सगळीकडे सारखा धरला तर. 1997 मध्येच दाखवून दिलं गेलं की गणिताचं मॉडेल सुधारलं तर तो निष्कर्ष उभा राहत नाही. पुढे केंद्रकातली बरीच जनुकं आणि कितीतरी जास्त कृंतक घेऊन वृक्ष केले, तेव्हा गिनीपिग कृंतकांतच आला. विद्यार्थ्याला म्हणावं, लेख खरा, पण त्याच्या पुढचेही वाच.

क जीवनसत्त्वाचं म्हणाल तर ते नातं ठरवायला निकामी. गिनीपिगमध्ये शेवटच्या पायरीचं विकर बिघडलेलं आहे, तसंच ते माणसात, माकडांत आणि काही वटवाघळांतही बिघडलंय, स्वतंत्रपणे. कॅपिबारालाही पिंजऱ्यात हिरवा चारा कमी पडला की स्कर्व्ही होतो. सांभाळणाऱ्याच्या कामाची माहिती, वर्गीकरण करणाऱ्याच्या नव्हे.

उंदराशी काय जुळतं यापेक्षा सायाळीशी काय जुळतं ते बघा. विभागात सायाळीची जुनी कवटी असेलच (नवी हाडं गोळा करायला जाऊ नका, वन्यजीव कायदा आहे). सायाळ, गिनीपिग आणि घूस, तिघांच्या कवट्या शेजारी ठेवा.

खालचा जबडा उलटा करून खालून बघा. घुशीत जबड्याचा मागचा कोन पटाशीच्या दाताच्या मुळाच्या रेषेतच मागे जातो. सायाळीत आणि गिनीपिगमध्ये तो त्या रेषेच्या बाहेरून सुटतो, बाजूला फाकलेला. मग वरच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीपुढचं छिद्र. घुशीत ती वर रुंद, खाली चिंचोळी फट. सायाळ-गिनीपिगमध्ये चांगलं मोठं भोक, कारण चावण्याच्या स्नायूचा एक पदर त्यातून पुढे मुस्कटावर जातो. मग दात मोजा: घुशीला 16, बाकी दोघांना 20. प्रत्येक बाजूला वर-खाली एकेक पटाशी, एकेक उपदाढ, तीन-तीन दाढा. घुशीला उपदाढच नाही.

नवख्याकडून चूक होते ती छिद्रात. जुन्या कवटीत गालाचं हाड तुटलेलं असतं आणि छिद्राची बाहेरची कड गेलेली असते, मग ‘छिद्र नाही’ अशी नोंद होते. दुसरी बाजू तपासल्याशिवाय लिहू देऊ नका.

म्हणजे घुशीपेक्षा सायाळ गिनीपिगची जास्त जवळची. पेरूतल्या कोंतामाना इथे सापडलेले या गटाचे सर्वांत जुने दात साधारण 4.1 कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा दक्षिण अमेरिका बेट होती. आफ्रिकेकडून समुद्रात वाहत आलेल्या झाडोऱ्यावरून पूर्वज पोचले असावेत, असंच बहुतेक जण मानतात.

मांडवीचं_कपाट

लेबलं आणि बरणी. वर सगळे विद्वान बोलून गेलेत, मी कपाटापुरतं बोलतो.

जुनं लेबल कधीही काढून फेकायचं नाही. चुकीचं नाव असलं तरी ते त्या नमुन्याचं एकमेव कागदपत्र आहे. अक्षर, शाई, पुरवठादाराचा क्रमांक यांवरून पुढे कोणी काळ ठरवू शकतो. नवं लेबल त्याच्या जोडीला जातं, त्यावर ‘निश्चिती’ असं लिहून नाव, कोणी तपासलं आणि साल. बरणीचं लेबल आत हवं. बाहेर चिकटवलेलं कमाटीबागेतल्या माकडांना द्यायच्या लायकीचं, दोन पावसाळ्यांत गळून पडतं.

कुल लेबलवर लिहूच नका. नाव, लेखक, साल, ठिकाण, तारीख, नोंदणी क्रमांक एवढं पुरे. कुल, उपकुल नोंदवहीत किंवा कपाटाच्या खणावर. पुढे पुन्हा बदललं तर खणाची एक पट्टी बदलायची, पंचवीस बरण्या उघडायच्या नाहीत.

कागद सुती, आम्लरहित. लिहायला मऊ शिसपेन्सिल किंवा रंगद्रव्याची काळी शाई. लेझर प्रिंटरवर छापू नका. अल्कोहोलमध्ये टोनर सुटतो आणि अक्षरं तळाशी काळ्या चुऱ्यासारखी जमतात.

द्रव ओळखायला बरणीत नाक घालू नका. फॉर्मॅलिन नाकाला आणि डोळ्यांना वाईट, आणि वासाने मिश्रण कळत नाहीच. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून थोडं द्रव नळीत काढा आणि घनतामापी सोडा. 70 टक्के अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, घनता सुमारे 0.89. दहा टक्के फॉर्मॅलिन पाण्याहून जरा जड. 0.95 च्या पुढे पण एकच्या आत आलं तर बहुधा उडून पातळ झालेलं अल्कोहोल. बडोद्याच्या उन्हाळ्यात झाकण सैल असलं की अल्कोहोल आधी उडतं, पाणी मागे राहतं. त्यात दरवर्षी 70 टक्क्यांची भर घालत गेलं तर पातळी भरलेली दिसते पण ताकद उतरत जाते, आणि एक दिवस कातडी सुटायला लागते. भर घालण्याआधी मोजा, आणि कमी असेल तर जास्त तीव्रतेचं घाला.

फॉर्मॅलिन निघालं आणि अल्कोहोलमध्ये न्यायचं असेल तर: वाहत्या किंवा वारंवार बदललेल्या पाण्यात एक-दोन दिवस, मग 30, मग 50, मग 70 टक्के, प्रत्येकात किमान एक-दोन दिवस. एकदम 70 मध्ये टाकलं तर अंग आक्रसतं. गुजरातमध्ये अल्कोहोलला नशाबंदी आणि आबकारी खात्याचा परवाना लागतो हे तुम्हाला माहीत असेलच. परवाना येईपर्यंत फॉर्मॅलिनमध्येच राहू द्या, फक्त ते आम्ल झालंय का लिटमसने बघा. आम्ल फॉर्मॅलिन हाडांतला चुना खातं, आणि वर सांगितलेला जबड्याचा कोन बघायला जाल तेव्हा तो रबरासारखा वाकेल. तळाशी थोडी खडूची पूड ठेवतात ती यासाठी. दुकानातलं रंगीत मिथिलेटेड स्पिरिट मात्र घालू नका, बऱ्याचदा पाण्याशी मिसळल्यावर गढूळ होतं.

बरणीवाली, बडोदा

सगळ्यांचे आभार. घनता 1.01 आली, लिटमस लाल. म्हणजे आम्ल फॉर्मॅलिन. पुढच्या पायाला 4 बोटं, मागच्या पायाला 3, शेपूट नाही, पटाशीचे दात पांढरे. तेव्हा गिनीपिग नक्की.

दोन शंका उरल्या. स्टाफरूममधले एक सर म्हणतात, पाळीव गिनीपिग ही वेगळी जातच नाही, रानटीचं नाव द्या. आणि न्यूट्रियाच्या कुलाबद्दल कोणीच बोललं नाही.

कृंतकपुराण

सरांचा मुद्दा जीवशास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे, पण लेबल त्याने बदलत नाही. पाळीव गिनीपिगचा मूळ पुरुष पूर्वी अपेरिया मानायचे. मायटोकाँड्रियातल्या जनुकांवरून आता पेरूकडचा कॅव्हिया चुडिआय जवळचा ठरतो. 2020 मध्ये प्राचीन हाडांच्या डीएनएवरून असंही पुढे आलं की कोलंबियात बहुधा वेगळ्या रानटी गिनीपिगवरून स्वतंत्रपणे पाळणूक झाली असावी. पण समजा पाळीव आणि चुडिआय एकच जात मानली, तरी दोन नावांतलं जुनं नाव चालतं आणि 1758 च्या पोर्सेलसपेक्षा जुनं काही असूच शकत नाही. म्हणजे बदलायचं झालं तर रानटीचं नाव बदलेल, तुमच्या बरणीचं नाही. नावापुढे ‘पाळीव’ एवढं लिहा. उलट एखाद्या नमुन्यावर दक्षिण अमेरिकेतलं नेमकं ठिकाण असतं तर ते लाख मोलाचं. ब्राझीलच्या सांता कातारिना किनाऱ्याजवळच्या एका चिमुकल्या बेटावर कॅव्हिया इंटरमीडिया नावाची जात आहे, 1999 मध्ये वर्णिलेली. जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिथे ठिकाण हीच निम्मी ओळख.

एक_दात_पुढे

न्यूट्रियाचं कुल दोनदा फिरलंय. कॅप्रोमायिडी हे कॅरिबियन बेटांवरच्या हुटिया नावाच्या कृंतकांचं कुल, त्यात जुन्या लोकांनी घातलं. मग एकटं मायोकॅस्टोरिडी केलं. आता जनुकं त्याला काटेरी उंदरांच्या कुलाच्या आत बसवतात, तेव्हा नोंदवहीत एकिमायिडी लिहा आणि शेऱ्यात आधीची दोन्ही नावं ठेवा, कारण जुन्या पुस्तकांत शोधताना तीच लागतील.

कातडं खरंच त्याचं आहे का ते मात्र तपासा. फर विकणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर विश्वास टाकू नये. कवटी जोडीला आहे म्हणता, तर पटाशीच्या दातांची पुढची बाजू गडद नारिंगी हवी. मागच्या पावलाला पाच बोटं, त्यातल्या चारांमध्ये पडदा आणि बाहेरचं बोट सुटं. शेपटी गोल, चपटी नव्हे. चपटी आणि खवल्यांची असेल तर बीव्हर. मादी असेल तर स्तनाग्रं पोटावर शोधू नका, कुशीच्या वरच्या बाजूला, जवळपास पाठीलगत मिळतील. कातडं पोटाकडून चिरलेलं असेल तर ती पाठीकडच्या केसांत दडलेली असतात, केस उलटे फुंकून बघा.